वहीत नसलेलं दूध

२ नोव्हेंबर

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. तुझी वहिनी आहे तशीच आहे. लेक चौथीत गेली. डेअरी चालू आहे. मीही बरा आहे.

अकरा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस, तेव्हा तो विषय नको. आप्पा गेले तेव्हा आलास, दोन दिवस राहिलास, आणि माझ्याशी "मागच्या दाराची चावी कुठे आहे?" एवढंच बोललास. तोही विषय नको. वडिलांच्या दु:खात माणूस चावीबद्दलच बोलणार. मी फक्त कामासाठी लिहितोय.

काम असं, की आपल्या डेअरीतल्या एका माणसाला पोटाचा त्रास आहे. सकाळी दहाच्या सुमाराला त्याचं पोट फुगतं, मग गुरगुरायला लागतं, आणि मग हातातलं काम टाकून त्याला पळावं लागतं. माणूस चांगला आहे. वय सेहेचाळीस, निर्व्यसनी, चारचौघांत मान आहे, केसही अजून बरे आहेत. लहानपणी तुलाही असंच काहीसं होतं, असं तू म्हणायचास. "म्हणायचास" हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण ते खरं होतं की नाटक होतं, या वादात मला आज पडायचं नाही. तिकडे गेल्यावर तू कुठल्याशा डॉक्टरला दाखवलंस आणि बरा झालास, असं आईच्या बोलण्यात आलं होतं. त्याने काय औषध दिलं तेवढं कळव. गोळीचं नाव पुरे.

फोनच करणार होतो. पण तुझा नंबर आईकडे आहे, आणि तिच्याकडे मागितला की ती चष्म्यावरून बघते.

तुझा दादा


१३ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं उत्तर नाही. केसांचं लिहायला नको होतं, त्यावरूनच तू ओळखलं असणार. बरं, तो माणूस मी आहे.

आता लपवून उपयोग नाही, कारण ज्यांना कळायला नको होतं त्या सगळ्यांना कळलं आहे. मागचं पत्र टाकल्यावर दोन दिवसांनी दूध घालणाऱ्यांची सभा होती. साठ-सत्तर माणसं खुर्च्या मांडून बसलेली. मी बोलायला उभा राहिलो, "आपल्या डेअरीची प्रगती" इथपर्यंत आलो आणि पोटातून असा आवाज निघाला की पहिल्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं. त्याला वाटलं टेम्पो चालू झाला. मी कानाला हात लावून "हॅलो, हॅलो" करत बाहेर पडलो. हातात फोन नव्हता. फोन टेबलावर होता आणि मी बाहेर असताना तो वाजला.

त्या संध्याकाळी तुझी वहिनी मला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. समोरच्या औषधाच्या दुकानावर नवीन दवाखाना झालाय. डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण ऐकून घेतात. त्यांनी विचारलं, "रोज काय खाता?" मी म्हटलं, साधं. "साधं म्हणजे काय?" मी म्हटलं, साधं म्हणजे साधंच. मग त्या म्हणाल्या, "एक वही करा. तोंडात जाईल ते सगळं वेळेसकट लिहा आणि समोर पोटाची हालत लिहा. दोन आठवड्यांनी भेटू." आणि निघता निघता म्हणाल्या, "घरात आणखी कोणाला असा त्रास?" मी म्हटलं, कोणालाही नाही. तुझ्या वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत होतो.

वही ठेवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पट्टीने रकाने आखले, लाल पेनाने संशयित लिहायची सोय केली. पहिल्या आठवड्याची नक्कल तुला पाठवतोय, तुझ्यासारख्या चिकित्सक माणसाला काही सुचलं तर बघ.

सोमवार. ७.०० पाव, अंडं. १०.१० पोट फुगलं. संशय : अंडं.

मंगळवार. अंडं बंद. ७.०० पाव, केळं. १०.०५ गुरगुर. संशय : केळं.

बुधवार. केळं बंद. नुसता पाव. १०.१५ मुरडा, दोन वेळा. संशय : पाव. किंवा पाववाला.

गुरुवार. सकाळी काहीच खाल्लं नाही. ९.५० मुरडा, तीन वेळा. संशय : उपाशी राहणं.

शुक्रवार. पोटभर भात. १०.०० तेच. ऑफिसला नवीन रंग लावलाय. संशय : रंगाचा वास.

शनिवार. रंगापासून लांब, बाहेर बाकावर बसून काम. तेच. संशय : तुझी वहिनी (तिने चहाची पूड बदलली).

रविवार. सुट्टी. डेअरीत गेलो नाही. दिवसभर पोट एकदम शांत. संध्याकाळी ७.३० पुन्हा गुरगुर. संशय : उद्याचा सोमवार.

बघ, सात दिवसांत सात संशयित, आणि एकही पकडला जात नाही. सकाळी मी आत गेलो की लवकर बाहेर येत नाही, म्हणून लेक दारावर थापा मारते. अगदी तुझ्यासारख्या. फारच कळवळायला झालं तर पोटाला थंडावा म्हणून एक मोठा ग्लास गार दूध घेतो. त्याने पाच मिनिटं बरं वाटतं.

गोळीचं नाव कळव.

दादा


२२ नोव्हेंबर

बारक्या,

कार्ड मिळालं.

अकरा वर्षांनी सख्ख्या भावाने लिहिलेलं कार्ड. त्यावर एक वाक्य : "वहीत दूध कुठे आहे?" वर दादा नाही, खाली सही नाही. पोस्टमनने वाचून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "कसलं दूध साहेब?" तू बोलायचास कमी आणि बोललास की समोरच्याला वाचा नाही राहायची. तुझी खोड गेलेली नाही.

आता नीट ऐक. दूध वहीत नाही, कारण वही खाण्याची आहे आणि दूध हे खाणं नाही. आपल्या घरात ते कधी खाण्यात धरलं होतं? शाळेतून आलास की आई विचारायची, "खाल्लंस का काही?" तू म्हणायचास, "नाही, दूध प्यायलो." मग ती म्हणायची, "मग खाऊन घे." तेव्हा बरं तुला हे सुचलं नाही.

आणि डेअरीतलं म्हणशील तर ते काम आहे. तू विसरला असशील म्हणून सांगतो. सकाळी सात ते साडेनऊ कॅन येतात. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, पळीने ढवळायचं, पळीभर दूध तोंडात घेऊन फिरवायचं. चांगलं असेल तर कॅन आत, आंबूस असेल तर परत. यंत्र फॅट सांगतं, पण जनावराने काल काय खाल्लं ते जीभच सांगते. दुसऱ्या डेअऱ्यांत चाखणारा माणूस तोंडातलं दूध बादलीत थुंकतो. आप्पा थुंकत नव्हते. म्हणायचे, माणूस पहाटे उठून दूध काढतो, इथवर आणतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांदेखत थुंकायचं? तो आपल्या तोंडाकडे बघत उभा असतो. गिळायचं, आणि "छान आहे" म्हणायचं. मीही गिळतो. बेचाळीस कॅन येतात, बेचाळीस पळ्या होतात. पण ते पिणं नव्हे. शिंप्याने दिवसभर कापड मोजलं म्हणून त्याने ते अंगात घातलं असं होत नाही.

शिवाय दुधाने त्रास होत असता तर आपल्या तिन्ही टेम्पोंच्या पाठीवर माझा फोटो असता का? तू पाहिला नसशील. हातात ग्लास, ओठावर पांढरी मिशी, खाली "आमचे मालक रोज पितात". मिशीसाठी फोटोग्राफरने मला अकरा ग्लास प्यायला लावले. त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत बरं नव्हतं, पण तो उन्हाचा त्रास होता.

तू जाताना जे म्हणून गेलास तेच आज कार्डावर लिहिलंस. अकरा वर्षांत दुसरं काही सुचलं नाही. हे पत्र मी रागात लिहितोय, आणि पेटीत टाकेपर्यंत राग टिकावा म्हणून लगेच टाकायला निघालोय.

दादा

ता. क. उद्यापासून वहीत दूध पण लिहिणार आहे. तुझं म्हणणं खोटं पाडायला दुसरा उपाय नाही.


४ डिसेंबर

बारक्या,

मी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला आठवडा शांतपणे वाचला. पाववाल्यापाशी ओठ हलले, पण हसल्या नाहीत. शेवटचा आठवडा उघडला आणि बोट ठेवून विचारलं, "हे बेचाळीस काय आहे?"

"पळ्या."

"कसल्या?"

"दुधाच्या. चाखतो मी. माझं कामच आहे ते."

"एक पळी केवढी?"

असं कोणी विचारलं की मला राहवत नाही. मी ऐटीत सांगितलं, पस्तीस मिली, मागच्याच महिन्यात मापून घेतली. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. दीड लिटरला तीस मिली कमी. मग दहाच्या थंडाव्याचा एक ग्लास, संध्याकाळचा एक ग्लास.

"म्हणजे रोज दोन लिटर दूध पिता तुम्ही."

"पितो कुठे? चाखतो."

तेव्हा त्या हसल्या. रुमाल तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. मग पाणी प्यायल्या आणि मला मोठ्या तपासणी केंद्रात पाठवलं. श्वासाची तपासणी. मला वाटलं फुंकर मारायची आणि घरी यायचं.

आदल्या दिवशी नुसता पांढरा भात, संध्याकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी तिथे गेलो तर एका पोराने मला नळीत फुंकायला लावलं आणि आकडा लिहिला, चार. मग एक पेला दिला. गोडसर पाणी. मी जिभेवर फिरवलं आणि सवयीने म्हटलं, "छान आहे." तो म्हणाला, "ही दुधातली साखर आहे, गिळा." त्यानंतर दर अर्ध्या तासाने फुंकायचं, तीन तास.

पहिल्या अर्ध्या तासात सहा. मी त्याला म्हटलं, बघ, काही नाही, उगाच खर्चात पाडलं. दुसऱ्या खेपेला एकोणीस. तिसऱ्या खेपेपर्यंत माझ्या पोटात कपडे धुवायला टाकलेले होते. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं गप्प बसलेली, भिंतीवर "शांतता राखा" लिहिलेलं, आणि मी एकटाच ती मोडत होतो. एक आजोबा उठून लांबच्या खुर्चीवर गेले. तिसरा आकडा एकसष्ट, चौथा अठ्ठ्याऐंशी. मी त्या पोराला म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय, दुसरं आण. त्याने स्वतः नवीन नळी लावून फुंकलं. त्याचा आकडा तीन आला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या दुधाचे आकडे सांगून कॅन परत पाठवले, पण कधी कोणी माझ्याशी वाद घातला नाही. मी मात्र घातला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हा रोग नाही, ॲलर्जी नाही. दुधातली साखर पचवणारा रस पोटात कमी पडतो. लहान मूल असताना बहुतेकांचा पुरतो, मग कोणाचा लवकर आटतो, कोणाचा उशिरा, कोणाचा कधीच नाही. न पचलेली साखर खाली जाऊन आंबते आणि तिथून पुढचं मला माहीतच आहे. थोडं दही चालेल. दूध नको. "आणि चाखल्यावर थुंकत जा," म्हणाल्या. "घराण्यात असतं बऱ्याचदा. मागे तुम्ही म्हणालात, घरात कोणाला नाही."

मी म्हटलं, "एक भाऊ आहे. लांब असतो."

"त्याला आहे?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

तर विचारतोय. तुला आहे का?

दादा


१२ डिसेंबर

बारक्या,

हे पत्र तीनदा फाडून झालंय. हे चौथं.

तुझं उत्तर आलं नाही ते बरं झालं. जे तू माझ्यासमोर, आप्पांसमोर आणि साठ माणसांसमोर स्पष्ट सांगून मोकळा झालास, ते मी तुलाच विचारतो म्हणजे माझी कमाल आहे.

घरी रिपोर्ट दाखवला. तुझी वहिनी "तरीच" एवढं म्हणून भाजी चिरायला लागली. आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पण सोसत नाही."

"काय सोसत नाही?"

"दूध."

बारक्या, आई कोरा चहा पिते. माझ्या आठवणीतली सगळी वर्षं पिते. डेअरीवाल्याच्या घरात, जिथे दूध उतू जायचं तिथे, ती बाई रोज दोन वेळा कोरा चहा घेऊन ओट्यापाशी उभी असायची. मी म्हटलं, "आम्हाला वाटायचं तुला आवडतो."

"कोरा चहा कोणाला आवडतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी? तुझे आप्पा कॅन मोजत होते आणि तुम्ही दोघं संडासासाठी भांडत होता." मग पुढची शेंग सोलत म्हणाली, "दोघंही. कपडे मीच धुवायचे."

दुधात वाटीभर पाणी घातलेलं मी जिभेने ओळखतो, म्हणून लोक लांबून दूध आणून माझ्यापुढे ठेवतात. आणि माझ्या आईच्या कपात काय आहे हे मला सेहेचाळीस वर्षं दिसलं नाही. मला फार शरम वाटली.

तेवढ्यात लेक तिचा अर्धा ग्लास पुढे सरकवून म्हणाली, "माझ्या पण पोटात दुखतं याने. शाळेत दुखतं." तुझ्या वहिनीने मला विचारलं, "लहानपणी तुम्हाला व्हायचं का हो असं?"

आणि माझ्या तोंडात आपोआप वाक्य आलं : मला कुठे काय व्हायचं!

ते वाक्य तुला पाठ असेल. बाटल्या भरायचं नवीन यंत्र सुरू झालं तो दिवस. मांडव, खुर्च्या, दूध घालणारे सगळे. पहिल्या बाटल्या घरच्यांनी सगळ्यांसमोर प्यायच्या असं आप्पांनी ठरवलेलं. मला दिली, मी एका दमात संपवली, टाळ्या पडल्या. तुला दिली. तू ती टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "आप्पा, मला हे सोसत नाही. लहानपणापासून सोसत नाही. मी नाही पिणार." आप्पांनी तुझ्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच भांड्यातलं प्यायलात. तुला होतं का काही?"

मी म्हटलं, "मला कुठे काय होतं! नाटकं आहेत त्याची."

बारक्या, मला होत होतं. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. सकाळी तू दारावर थापा मारायचास, "दादा, लवकर, दादा, पोटात कळ येतेय," आणि मी आतून ओरडायचो, "अभ्यास करतोय!" तुला वाटायचं मी तुझा छळ करतो. मी आत तेच भोगत होतो जे तू बाहेर. फरक एवढाच की मी आधी पोचायचो. घरात एकच संडास, मी चार वर्षांनी मोठा, माझे पाय लांब.

का लपवलं ते पण सांगतो. आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवायचे ते ग्लास रिकामा झाला की. दुसऱ्या कशाला ठेवल्याचं मला आठवत नाही. ज्याला दूध कळतं त्याच्या हातात डेअरी देईन, म्हणायचे. मी शिकून घेतलं. पुढे पुढे मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं, की मला ऊन बाधतं, अंडं बाधतं, रंग बाधतो. पण त्या दिवशी मांडवात मला ठाऊक होतं. तू खरं बोलतोयस हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तुला खोटं पाडलं.

अजून एक राहिलंय. तेच लिहिताना तिन्ही वेळा पत्र फाडलं.

संध्याकाळी तू बॅग घेऊन डेअरीच्या नवीन इमारतीत मला शोधत आलास. मी मागच्या संडासात होतो. नवीन इमारतीत त्याचं उद्घाटन मीच केलं, फीत न कापता. बाटलीने तिचं काम केलं होतं. तू दारावर टकटक केलीस आणि म्हणालास, "दादा, मी निघतो." मी गप्प. थोड्या वेळाने परत म्हणालास, "दादा, निघतोय मी." तू बराच वेळ उभा होतास, दाराखालून तुझे बूट दिसत होते. तुला वाटलं असेल, रागाने बोलत नाही. राग नव्हता रे. मी पोट धरून वाकलेला होतो, घामाने भिजलेला. दार उघडलं असतं तर माझं तोंड बघून तुला सगळं कळलं असतं. नुसता आवाज दिला असता तरी कळलं असतं. म्हणून मी श्वास धरून बसलो. मग बूट गेले.

मला माफ कर. हे वाक्य अवघड जाईल असं वाटलं होतं, पण ते सोपं होतं. त्याच्या आधीचं अवघड होतं.

लेकीला मी म्हटलं, "हो, मला व्हायचं. अजून होतं." ती म्हणाली, "मग पिता कशाला?" मी तिचा ग्लास उचलून ओतून दिला, आणि आईने तिच्यासाठी कपभर कोरा चहा ओतला, चमचाभर साखर जास्त घालून.

सोमवारी पहिल्यांदा बादली ठेवली आणि थुंकलो. ज्याचा कॅन होता त्याचा चेहरा पडला. "खराब आहे का साहेब?" म्हणाला. म्हटलं, दूध उत्तम आहे, मी खराब आहे. दुसऱ्याला पण तेच सांगितलं. दहाव्या कॅनपर्यंत रांगेत बातमी पोचली होती आणि पुढचे आपणहून बादली माझ्याकडे सरकवत होते. एक म्हातारे दूधवाले तर म्हणाले, "अहो, मला पण नाही सोसत. आमच्या घरात कोणालाच नाही. म्हणून तर सगळं तुम्हाला घालतो." दहा वाजले, साडेदहा वाजले, पोट गप्प. इतकं गप्प की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

दादा


२३ डिसेंबर

बारक्या,

कार्ड मिळालं. पोस्टमनने या वेळी वाचून दाखवायचंच बाकी ठेवलं होतं. "संडास अजून एकच आहे का?"

मी कार्ड घेऊन ओट्यावर बसलो. तुझी वहिनी घाबरून बाहेर आली, तिला वाटलं मी रडतोय. मी हसत होतो. मग तिने वाचलं, तीही हसली, आणि मग मी खरंच रडलो. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "येतोय तो." मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय? म्हणाली, "नाहीतर त्याला काय करायचंय आपल्या संडासाशी?"

तर उत्तर : आजच्या तारखेला एकच आहे. परवा गवंडी बोलावला. त्याने मागची जागा पावलांनी मापली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार."

"चार माणसांना दुसरा कशाला?"

म्हटलं, "भाऊ येतोय."

जागा जुन्याच्या शेजारी निघाली. खिडकी पूर्वेला ठेवायला सांगितलीय. लेकीने फरशीचा रंग निवडला, निळा, मला पसंत नाही, पण तो तुझा आहे तेव्हा मी बोललो नाही. टेम्पोंवरचा फोटो उतरवायला दिलाय. रंगारी म्हणाला, मिशी तेवढी ठेवू का? त्याला म्हटलं, सगळंच काढ, आणि तिथे "आमच्याकडे दही मिळेल" लिही.

तू कळवशील त्या गाडीला मी स्टेशनवर येईन. घरात तुझ्यासाठी कोरा चहा असेल, माझ्यासाठी पण. अजून मला तो आवडत नाही. आई म्हणते, कोणालाच आवडत नाही, पीत राहायचं.

फक्त गवंड्याचा भरवसा नाही. चार दिवस येतो, दोन दिवस गायब होतो, तुझ्या येण्याआधी काम पुरं होईल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. तोवर नवा झाला नाही तर जुना तुझा. सकाळी तू आधी जा. मी बाहेर थांबेन.

दादा